डाव्या कुशीवर

सातवा लागला तशी पाठ बोलायला लागली.
उद्यमनगरात दिवसभर नटबोल्टांची बिलं करते मी.
खुर्चीला उशी, उशीमागं जुनी खतावणी,
तरी चार वाजले की माकडहाडापाशी
कुणीतरी पाना फिरवतंय असं वाटतं.

घरात सगळ्यांकडं उपाय.
धाकटा दीर धैर्यशील, मंगळवार पेठेतल्या तालमीतला,
म्हणाला, "वहिनी, वस्तादांचं तेल आणतो,
हजार बैठका मारलेला गडीबी
दुसऱ्या दिवशी ताठ उभा ऱ्हातोय."
म्हटलं, भाऊजी, मला उभं नाही राहायचं,
मला झोपायचंय.
बाटली आलीच तरी.
झाकण उघडलं, आणि कापराच्या भपकाऱ्यानं
सकाळची मिसळ मोरीपर्यंत नेऊन सोडली.

शेजारच्या यमुनाक्का म्हणाल्या,
गांधीनगरच्या पलीकडं एक बाई आहे,
पोट चोळून बाळ सरळ करते.
"पोट चोळून?"
"मग काय कपाळ चोळून करणार व्हय गं?"
गेले नाही.
वाकडं की सरळ, ते माझं मला कळतंय,
रात्री दोन वाजता ढोसून सांगतंय ते.

राजारामपुरीत काचेच्या दाराचं मसाज सेंटर.
कार्डावर गरम दगड, सुगंधी वाफ, नव्वद मिनिटं.
"गरोदर बाईला चालतं?"
काउंटरवरची पोरगी आत गेली, विचारून आली,
"चालतंय मॅडम, काही होत नाही."
काही होत नाही म्हटलं की
मी चपला शोधायला लागते.

शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंनी बीपी बघता बघता सांगितलं:
पालथं झोपायचं नाही, पोटावर दाब नाही,
पोटऱ्या रगडून घ्यायच्या नाहीत.
एकाच पायाला सूज आली, डोकं ठणकलं,
अंगावरून काही गेलं, तर मसाजबिसाज सोडून
आधी इकडं यायचं.
आणि नको वाटलं की बास म्हणायचं.
लाजायचं नाही.
एवढं त्यांनी लिहून दिलं नाही,
बाहेर बाकावर बसून
मीच फायलीच्या पाठीवर लिहिलं.

रुक्साना शिकलगार आली ती बुधवारी.
पिशवीत धुतलेली चादर, तीन उशा.
आल्या आल्या हात लावला नाही, खुर्चीत बसली.
कितवा महिना? बीपी? साखर? आधीचं बाळंतपण?
डॉक्टर काय म्हणाल्या? कुठं हात लावलेला आवडत नाही?
शेवटचं मला अजून कुणीच विचारलं नव्हतं.
मी बराच वेळ विचार करत बसले.

"अब्बा तालमीत गडी रगडायचे," ती म्हणाली,
"तिथनंच शिकले मी.
मग क्लास लावला, तिथं त्यातलं निम्मं विसरायला शिकले."

नुसतं खोबरेल. आधी कोपराच्या आत एक थेंब,
मग थांबली, घड्याळाकडं बघत.
डाव्या कुशीवर मी.
एक उशी गुडघ्यांत, एक पोटाखाली, एक मिठीत.
गुऱ्हाळात काहिलीवरची मळी
झाऱ्यानं अलगद कडेला सारतात ना,
तसे तिचे हात, कमरेपासून वर.
"बरं वाटतंय?" पहिल्यांदा हुं म्हटलं.
दुसऱ्यांदाही हुं.
तिसऱ्यांदा, काही दुखत नसताना,
म्हटलं, "बास."

हात उचलले गेले. लगेच.
का, कशाला, थोडंच राहिलंय, काही नाही.
पंख्याचा आवाज तेवढा.
भिंतीकडं तोंड होतं माझं, बरं झालं.
"आता?" तिनं विचारलं.
"आता चालू द्या."

कधी झोपले कळलं नाही.
उठले तर अंगावर चादर, दार ओढून घेतलेलं,
मोबाईलवर मेसेज:
पुढच्या बुधवारी बीपी तपासून मग फोन करा,
उशा राहू देत तुमच्याकडंच.

वस्तादांची बाटली
धैर्यशीलच्या खुंटीला अडकवून ठेवलीय.
परवा फाटकाच्या बिजागरीला लावली थोडी.
कुरकुर थांबली तिची.